आढं, पडवी आणि स्लॅब: शहापूर-मुरबाडच्या घरांना लागलेली जोड

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला घरबांधणीतलं काय कळतं? सिमेंट-वाळूचं प्रमाण मला विचारू नका. पण एखाद्या जुन्या वस्तूला नवा भाग जोडला, तर ती वस्तू तीच राहते की दुसरी होते, हा प्रश्न मात्र आमच्याच अंगणातला आहे. ग्रीकांनी तो थेसियसच्या जहाजावरून विचारला, नागसेनानं मिलिंद राजाला रथावरून समजावला. मी तो शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या घरांवरून विचारणार आहे. घर हे जहाजापेक्षा बरं उदाहरण आहे, कारण त्यात माणसं राहतात आणि पाऊस आला की तक्रार करतात.

जुन्या घराला नव्या पद्धतीची, वास्तुरचनाकाराकडून आखून घेतलेली जोड द्यायची, ही गोष्ट आपण आता शहरी मासिकांत पाहतो. पुढे जुना बंगला, मागे काचेची मोठी खोली. शहापूर-मुरबाडकडे हे लोण आलं आहेच. कसाऱ्यापर्यंत लोकल जाते, आसनगावहून रोज मुंबईला नोकरीला जाणारे हजारो आहेत, त्यामुळे ही गावं अर्धी उपनगरं झालेली आहेत. पण इथे जोड देण्याची गोष्ट काचेच्या खोलीपासून सुरू होत नाही. ती फार जुनी आहे, कारण इथलं जुनं घर मुळातच जोड देत देत झालेलं आहे.

इथलं एखादं कुणब्याचं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. समोर अंगण, मग ओटी, आत माजघर, त्याला लागून देवघर आणि स्वयंपाकाची जागा, वर माळा, मागे पडवी, पडवीत मोरी, पलीकडे परसदार, बाजूला गोठा. आपण म्हणतो, काय सुंदर आराखडा आहे! पण हा आराखडा कुणी एका दिवशी कागदावर काढलेला नाही. आधी माजघर. मुलं वाढली, मागे पडवी काढली. बैल घेतले, बाजूला एकपाखी उतरवलं. थोरल्याचं लग्न झालं, पडवीला कूड घालून खोली केली. 'घर पुढं घेतलं', 'मागं काढलं' अशीच भाषा आहे. घर 'बांधलं' हा शब्द पहिल्या माजघरापुरता.

या वाढण्याला एक मर्यादा होती आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. मर्यादा पाण्याची. इथे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. कौलाला उतार हवा, साधारण तीस अंशांचा. आता सोपा हिशेब करा. जोत्यापासून आढं अठरा फुटांवर आहे असं धरा. आढ्यापासून माजघराच्या भिंतीपर्यंत दहा फूट. तीस अंशांच्या उतारानं एवढ्यात छप्पर पावणेसहा फूट खाली येतं, म्हणजे भिंतीपाशी उंची राहिली सव्वाबारा फूट. पुढे आठ फुटांची पडवी काढली की आणखी साडेचार फूट गेले. वळचण आली साडेसात फुटांवर. ठीक आहे, माणूस उभा राहतो. आता त्याच्यापुढे आणखी आठ फुटांची पडवी काढायची म्हटली, तर वळचण तीन फुटांवर येईल. तिथे कोंबड्या राहतील, माणूस नाही. उतार कमी केला तर कौलातून पाणी आत येतं. म्हणजे घर किती वाढू शकतं, हे मालकाची ऐपत ठरवत नव्हती, आढ्याची उंची ठरवत होती. आणि आढ्याची उंची ठरवत होतं जंगल. केवढे खांब, केवढी तुळई मिळते त्यावर सगळं.

छपरावर पूर्वी गवत किंवा भाताचा पेंढा असे, नाहीतर कुंभाराची नळीची कौलं. नळीची कौलं दर वर्षी पावसाआधी चाळावी लागत. घर शाकारणं हे वैशाखातलं ठरलेलं काम होतं. मंगलोरी कौल आलं ते निराळ्या वाटेनं. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला 1865 मध्ये. आणि हा योगायोग पाहा: मुंबईहून निघालेली रेल्वे 1855 ला वाशिंदला आली, 1860 ला आसनगावला, 1861 ला कसाऱ्याला, आणि 1865 लाच थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. म्हणजे कौल तयार व्हायला लागलं त्या वर्षी शहापूर तालुक्यातून ते वाहून नेणारा रूळ पुरा झालेला होता. मुरबाडला रेल्वे अजूनही नाही. तिथे जे जड सामान गेलं ते कल्याणहून गाडीरस्त्यानं. त्यामुळे मंगलोरी कौल रुळाजवळच्या गावांत आधी आणि मुरबाडच्या आतल्या भागात मागाहून गेलं असणार, असं माझं अनुमान आहे. हे कौल एकमेकांत खाच घालून बसतं, नळीच्या कौलांच्या दुहेरी थरापेक्षा हलकं पडतं, म्हणून वासे कमी लागतात. जंगल आवळलं जात होतं त्याच काळात हे झालं, हे विसरू नका. 1878 च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखली. ठाणे जिल्ह्यातल्या लोकांचा राबासाठी लागणाऱ्या टहाळाचा आणि लाकडाचा असंतोष एवढा वाढला की मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल 1887 चा आहे. सागाचा खांब जो आजोबांना कुऱ्हाडीच्या कष्टात मिळाला, तो नातवाला पैशात घ्यावा लागला.

तेव्हा ज्याला आपण आज 'अस्सल पारंपरिक घर' म्हणतो, त्या कौलारू घराच्या डोक्यावर जर्मन भाषिक मिशनऱ्यांचं यंत्रकौल आहे. कुणी कौलांवरून परंपरेचा अभिमान सांगू लागला की मला गंमत वाटते. पत्र्याचंही तसंच. नालीदार पत्र्याचं पेटंट 1829 चं, लंडनचं. तोही आता कुणाला परका वाटत नाही. उलट वानरं कौलांवर नाचून कौलं फोडतात, त्याला कंटाळून कित्येकांनी कौलं उतरवून पत्रा घातला. वास्तुकलेच्या इतिहासात वानरांचा वाटा कुणी लिहिलेला नाही, लिहायला हवा.

आता स्लॅबकडे येतो. स्लॅबनं काय केलं? त्यानं तो उताराचा हिशेब पुसून टाकला. सपाट छप्पर असेल तर घर कुठेही, कितीही वाढवा. मागे, बाजूला, शिवाय वर! घराला वर वाढता येतं ही कल्पनाच खेड्यातल्या माणसाला नवी होती. म्हणून स्लॅब टाकला की कोपऱ्यांतल्या सळया वर तशाच सोडून देतात, पुढच्या मजल्यासाठी. शहरातली माणसं त्या गंजलेल्या सळयांना नावं ठेवतात. ती पुढच्या पिढीसाठी ठेवलेली आशा आहे.

स्लॅब खेड्यात आला केव्हा? दोन तारखा महत्त्वाच्या. एक, 1 एप्रिल 1957, कुळकायद्यातला कृषक दिन. 1948 च्या कायद्याखाली कसणारा कूळ त्या दिवसापासून जमिनीचा मालक मानला गेला. या तालुक्यांत खंडावर उभे असलेले सावकार-जमीनदारांचे वाडे खंड बंद झाल्यावर दर वर्षी शाकारणं जड जाऊ लागले, आणि ज्यांच्या घरांना आजवर नुसता कूड होता त्या कुळांच्या हातात पहिल्यांदा चार पैसे उरू लागले. पण पैसे असले तरी सिमेंट कुठे होतं? सिमेंट परमिटवर मिळे. सत्तरच्या दशकात लग्नाची पत्रिका आणि सिमेंटचा परमिट यात कोणता कागद अधिक मोलाचा, हे सांगणं कठीण होतं. सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं 1982 मध्ये आणि पुरतं उठलं 1989 मध्ये. याच सुमाराला मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, आसनगाव-आटगावच्या कारखान्यांत महिन्याचा पगार मिळवणारी पहिली पिढी उभी राहिली. कौलारू घराच्या मागे स्लॅबची खोली दिसायला लागते ती तेव्हापासून. अभिरुची बदलली म्हणून हे झालं असं मी मानत नाही. सिमेंट दुकानात मिळायला लागलं, एवढं कारण पुरतं.

आणि इथून जोडाची खरी अडचण सुरू झाली. मागच्या पाख्याचं सगळं पाणी पूर्वी परसात पडायचं. आता तिथे स्लॅबची खोली आली. कौलाच्या वळचणीखाली काँक्रीट. दोन्हींच्या मध्ये पन्हळ घालावी लागते. पन्हळीत पाला साचतो, पाणी तुंबतं, उलटं आत येतं आणि वाशाच्या टोकाला बसतं. चार-पाच पावसाळ्यांत वाशाचं टोक कुजतं, मग वाळवी. दुसरी गोष्ट पायाची. जुनी भिंत मातीत बांधलेली, ती थोडी हलते, थोडी बसते, ती तिची सवयच असते. नवे काँक्रीटचे खांब ताठ. दोघांना घट्ट सांधलं की पहिल्या वर्षी सांध्यावर चीर जाते. जाणता गवंडी तिथे मुद्दाम फट ठेवतो आणि वरून पत्र्याची पट्टी मारतो. बाकीचे सिमेंट भरतात, पुढच्या वर्षी पुन्हा भरतात. कित्येक घरमालक शेवटी वैतागून म्हणतात, हे जुनंच पाडा. म्हणजे बघा, जुन्या घराचा जीव जातो तो म्हातारपणानं नाही. सांध्यावर नीट विचार न केल्यामुळे जातो. वास्तुरचनाकाराची फी ज्याला उधळपट्टी वाटते, त्यानं निदान या एका सांध्यासाठी कुणातरी जाणकाराला दोन तास बोलवावं. भिंतीचा रंग नंतर ठरवता येतो.

युरोपात या प्रश्नावर फार वाद झाला. विल्यम मॉरिसनं 1877 मध्ये जुन्या इमारती राखणाऱ्यांची संस्था काढली ती अशासाठी की लोक जुन्या चर्चना 'जुनं दिसेल असं नवं' जोडत होते. त्याचं म्हणणं, ही खोटी सही आहे. पुढे 1964 च्या व्हेनिसच्या सनदेत हेच तत्त्व आलं, की नवं काम करावंच लागलं तर ते वेगळं ओळखू यावं, आपल्या काळाची खूण त्यावर असावी. या तत्त्वाचं टोक म्हणजे फ्रँक गेरी. त्यानं 1978 च्या सुमारास कॅलिफोर्नियात सांता मोनिका इथला आपला साधा उपनगरी बंगला तसाच ठेवून भोवती नालीदार पत्रा, प्लायवुड आणि जाळीचं कुंपण यांचं नवं घर गुंडाळलं. शेजारी चिडले. जगभरचे विद्यार्थी ते घर अभ्यासतात. आपल्या प्रत्येक पाड्यात पत्रा आणि जाळी लावून घर वाढवलेलं आहे, तिथे कुणी विद्यार्थी येत नाही, ते सोडा. पण फरक आहे. गेरीला जुनं आणि नवं यांतलं भांडण दाखवायचं होतं. आपल्या माणसाला भांडण दाखवायचं नसतं, गळती थांबवायची असते.

मला जास्त जवळचं उदाहरण आपल्याच राज्यातलं वाटतं, सेवाग्रामचं. गांधीजी तिथे 1936 मध्ये राहायला गेले. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबहनसाठी बांधलेली झोपडी. बापू तिथे राहायला आल्यावर ती वाढवली गेली. माती, बांबू, कौल, सगळं भोवतालचं. वाढवलेला भाग लपवलेला नाही आणि मिरवलेलाही नाही. याच गांधींनी मुंबईत भेटलेल्या लॉरी बेकर या तरुण इंग्रज वास्तुरचनाकाराला सांगितलं होतं की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. बेकरनी ते पुढे केरळात आयुष्यभर धरलं. हा पाच मैलांचा नियम शहापूरला लावून पाहा. वीट बसते त्यात, बाकी सिमेंट, सळई, टाइल काहीच नाही. आणि वीट बसते म्हणून खूश होण्याआधी ती कोण पाडतं ते बघा. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं पावसाळ्याआधी उचल घेऊन बांधली जातात आणि दिवाळीनंतर सहा-सात महिने भट्टीशेजारी गवताच्या खोपटात राहतात. शंभर स्लॅबच्या घरांची वीट पाडणाऱ्याचं स्वतःचं घर कुडाचं.

कुडाच्या घराबद्दल थोडं थांबतो, कारण आपल्याकडे त्याची एक भाबडी स्तुती चालते. कारवीच्या काठ्या ओळीनं रोवून वर शेणमाती लिंपली की कुडाची भिंत होते. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि मग वाळते, तेव्हा ती भरपूर मिळते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, सगळ्यांची घरं अशी. मेढीवर आढं, आढ्यावरून वासे. भिंतीतून हवा खेळते, चुलीचा धूर वर निघतो, एप्रिलमध्ये आत गार असतं. हे सगळं खरं. पण पावसात भिंतीचा खालचा हात दर वर्षी विरघळतो आणि तो पुन्हा लिंपायचा कुणी? बाईनं. परंपरा टिकवा म्हणताना परंपरेचं पोतेरं कुणाच्या हातात आहे, हे विचारलं पाहिजे.

तेच कौलारू घराच्या आराखड्याचं. अंगण, ओटी, माजघर हा क्रम आपल्याला सुंदर दिसतो. तो माणसं मोजायचं मापही होता. कुणी अंगणातच उभं राहायचं, कुणी ओटीवर टेकायचं, कुणाला माजघरापर्यंत वाट. दलितांना आणि कातकऱ्यांना अंगणाच्या वर पायरी नव्हती. मागची पडवी म्हणजे बायकांनी महिन्याचे चार दिवस बसायची जागा. स्लॅबच्या खोलीनं यातलं बरंच मोडलं. बंद दाराची न्हाणी आली, उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा आला, आणि जुन्या माजघरात जी गोष्ट कधी नव्हती ती आली: दार लावून घेता येईल अशी खोली. नव्या सुनेला विचारा, तुला सागाचे खांब हवेत की कडी लागणारं दार? ती काय म्हणेल ते तुम्हाला मला माहीत आहे. वारसा जपणाऱ्यांच्या सभांत हा प्रश्न कुणी काढत नाही, कारण तिथे बहुतेक माझ्यासारखे म्हातारे पुरुष असतात.

न्हाणीचा विषय निघालाच आहे तर पाण्याचंही बोलू. तानसाचं धरण 1892 चं. मग वैतरणा, भातसा. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातून जातो आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. घरामागे सरकारी अनुदानातून संडास बांधला, बारा हजार रुपयांत, पण पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचं. मग तिथे लाकूडफाटा भरतात. साहेब पाहणीला आले की म्हणतात, लोकांना सवय नाही. सवय नाही की पाणी नाही?

आता या तालुक्यांतल्या सगळ्यात मोठ्या, पण कुणी जोड म्हणून न पाहिलेल्या जोडीकडे येतो. घरकुल. इंदिरा आवास योजना ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सुरू झाली. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण. किमान 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 270 चौरस फूट, सपाटीवर 1 लाख 20 हजार रुपये अनुदान, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. कातकऱ्यांसाठी 2023 च्या नोव्हेंबरात जनमन योजना आली, तिच्यात घराला 2 लाख. कागदावर हे नवं घर आहे, जुन्या कच्च्या घराच्या बदली दिलेलं. प्रत्यक्षात काय होतं? पाड्यावर जा. पक्कं घरकुल पुढे, आणि त्याला चिकटून मागे किंवा बाजूला तोच कुडाचा जुना भाग उभा. भात, मोबाईल, टीव्ही, कागदपत्रं, लेकीचा अभ्यास हे घरकुलात. चूल, म्हातारी आणि दुपारची झोप कुडात. पत्र्याखाली किंवा पातळ स्लॅबखाली मे महिन्यात झोपून पाहा, म्हणजे कळेल का ते. अधिकारी याला गैरवापर म्हणतात. मी याला आराखडा म्हणतो. त्या कुटुंबानं कोणाही वास्तुरचनाकाराला न विचारता ठरवलं की कुलूप लागावं तिथे काँक्रीट आणि हवा लागावी तिथे कारवी.

माझं म्हणणं एवढंच की सरकारी नकाशा काढणाऱ्यानं हे गृहीत धरून नकाशा काढावा. घरकुल हे सुटं खोकं समजून न काढता, कुठल्यातरी जुन्या छपराला लागून उभं राहणार आहे असं समजून काढलं, तर पाणी कुठल्या बाजूला काढायचं, दार कोणत्या भिंतीत ठेवायचं, पत्र्याचा उतार कुठे वळवायचा, हे सगळं बदलेल. त्याला जास्त पैसे लागणार नाहीत.

पैसेवाल्यांच्या जोडीबद्दल मी मुद्दाम थोडंच बोलतो. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, जमिनींचे भाव चढले, शहरातली माणसं जुनी घरं घेऊ लागली. यात दोन जाती आहेत. एक घर पाडते आणि कोरीव खांब गाडीत घालून जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात पाठवते, जिथून तेच खांब दुसऱ्या कुणाच्या 'पारंपरिक' फार्महाउसला लागतात. दुसरी जात घर ठेवते आणि मागे काचेची खोली जोडते. दुसरी मला बरी वाटते. फक्त ती काच पश्चिमेला नको. आषाढातल्या झडीचा मारा तिकडूनच येतो.

शेवटी वाटणीची गोष्ट, कारण इथल्या बहुतेक जोडी वाटणीतून आलेल्या आहेत. दोन भाऊ वेगळे झाले. माजघराच्या मधोमध भिंत आली. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 मध्ये एका घराचे दोन नंबर झाले, बांधकामाचा प्रकार वेगळा म्हणून घरपट्टीही वेगळी. थोरल्याला पैसे मिळाले, त्यानं आपला अर्धा पाडून स्लॅब टाकला. धाकट्याचा अर्धा कौलारूच. पण आढं तर एकच होतं, आडवं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. थोरल्यानं पाडताना ते मध्येच कापलं की धाकट्याच्या छपराचा एका बाजूचा आधार गेला. पंचांकडे असे वाद येतात तेव्हा जमिनीचा तंटा मिटतो, भिंतीचा मिटतो, आढ्याचा मिटत नाही. जुन्या घराचं 'तेच असणं' नेमकं कुठे होतं, खांबात, नावात की पंचायतीच्या नंबरात, असं मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं विचारत आलो. शहापूर-मुरबाडकडचा सुतार याचं उत्तर एका वाक्यात देईल: आढं कापायच्या आधी धाकट्याच्या बाजूला मेढ उभी करा. काही थोरले भाऊ करतात. स्वतःच्या खर्चानं करतात, आणि मग पन्हळीचं पाणी कुणाच्या अंगणात सोडायचं यावरून पुन्हा भांडतात.

तुमच्यापैकी काहींच्या घरी असा सांधा असणार. त्याबद्दल प्रश्न असतील तर आता घेऊ.